‘तू मरतोयस’ असं कुणी सांगतं का? ‘द ग्रे’बद्दलच्या एका प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: “‘द ग्रे’ पाहिला. बर्फ, लांडगे, लियम नीसन, सगळं झकास. पण विमान पडल्यावर जखमी माणसाला हिरो तोंडावर सांगतो की तू मरतोयस. मला ते फार क्रूर वाटलं. खऱ्या आयुष्यात असं कुणी बोलतं का? आणि शेवट असा अर्धवट का सोडला?”

मी मूळची भूलतज्ज्ञ. गेली एकोणीस वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये आहे, म्हणजे जिथे आजार बरा होणार नसतो तिथे दुखणं, धाप आणि भीती कमी करण्याचं काम करते. सिनेमातली मी जाणकार नाही. हा सिनेमा पाहिला तो भाच्यामुळे. ‘मावशी, लांडग्यांचा पिक्चर आहे, मस्त आहे,’ एवढंच त्यानं सांगितलं होतं. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांतच लक्षात आलं की लांडगे निमित्ताला आहेत आणि पडद्यावर माझं रोजचं कामच चाललंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, दिग्दर्शक जो कार्नहन. कथा अलास्कात घडते, चित्रीकरण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, स्मिदर्स गावाच्या आसपास. ऑटवे (लियम नीसन) हा तेल कंपनीनं नेमलेला नेमबाज. कामगारांच्या अंगावर येणारे लांडगे मारणं ही त्याची नोकरी. कामगारांना सुट्टीवर नेणारं विमान बर्फात कोसळतं, थोडे वाचतात आणि लांडग्यांचा कळप मागे लागतो. पुढचं सगळं मी फोडणार आहे. पाहायचा असेल तर इथेच थांबा. आणखी एक: सिनेमाच्या सुरुवातीलाच ऑटवे स्वतःच्या तोंडात बंदूक धरतो. तुम्ही स्वतः सध्या त्या मनःस्थितीत असाल तर हा सिनेमा आज नको. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आता तो प्रसंग. विमानाच्या सांगाड्यात लेवेंडन नावाचा माणूस पडलेला आहे, पोटातून रक्त थांबत नाही. भोवतीचे सगळे गांगरलेले. तो विचारतो, मला काय होतंय? ऑटवे त्याच्याजवळ बसतो, डोळ्यांत बघतो आणि सांगतो की तू मरणार आहेस. मग उठून जात नाही. हात तसाच ठेवतो. आता ऊब वाटेल, घाबरू नकोस, असं हळूहळू सांगत राहतो; तुझं कुणावर प्रेम आहे ते विचारतो आणि तिच्याकडे लक्ष ने म्हणतो. दोन-तीन मिनिटांत लेवेंडन जातो.

तुम्हाला ते क्रूर वाटलं, कारण वाक्य एकटं लक्षात राहिलं. मी बघत होते ते त्या वाक्याच्या आधी आणि नंतर काय होतं ते. आधी: लेवेंडननं स्वतः विचारलं. आमच्याकडे नव्या डॉक्टरांना शिकवताना पहिला धडा हाच असतो की सांगायच्या आधी विचारा. ‘तुम्हाला काय वाटतंय, काय चाललंय?’ निम्म्या वेळा पेशंटला सगळं माहीत असतं, तो फक्त कुणीतरी दार उघडायची वाट बघत असतो. ज्यानं विचारलंच नाही त्याच्या अंगावर सत्य फेकणं हे धाडस नव्हे, उद्धटपणा आहे. आणि नंतर: ऑटवे तिथेच बसून राहिला. मी आयुष्यात ऐकलेल्या खरोखर क्रूर बातम्या कॉरिडॉरमध्ये, उभ्या-उभ्या, फाइल मिटता मिटता दिल्या गेल्या होत्या. शब्द कदाचित ऑटवेपेक्षा मऊ असतील, पण सांगणारा पुढच्या मिनिटाला लिफ्टमध्ये होता.

तेव्हा खऱ्या आयुष्यात असं कुणी बोलतं का? इतक्या सरळ शब्दांत नाही. मी ‘मरणार’ हा शब्द पेशंटनं आधी वापरला तरच वापरते. पण बाकी सगळं, म्हणजे बसणं, हात, आवाजाची पट्टी, पुढे काय वाटेल ते आधी सांगून ठेवणं, ‘कुणाची आठवण येते?’ हा प्रश्न, हे जवळपास जसंच्या तसं. माणूस मरणाला घाबरतो हे खरं, पण शेवटच्या तासांत तो जास्त घाबरतो ते पुढच्या पाच मिनिटांत काय होईल याला. श्वास अडकेल का, दुखेल का, एकटा असेन का. त्याचं उत्तर देता येतं.

ऑटवे वैद्यकीयदृष्ट्या एक गोष्ट चुकीची सांगतो. रक्तस्रावानं जाणाऱ्या माणसाला बहुधा ऊब वाटत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटरच्या आसपास गेलं की अंग गार आणि चिकट पडतं, प्रचंड तहान लागते, जीव कासावीस होतो, श्वास पुरत नाहीसा वाटतो. मग मेंदूला रक्त कमी पडतं आणि गुंगी येते. ती गुंगी मात्र खरी, आणि तिच्यात आवाज पोचत राहतो. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे बरं न होणाऱ्यांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या केंद्रातल्या, अखेरच्या घटकेतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेतले होते. त्यातल्या काहींचे मेंदू आवाजाला निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद देत होते. म्हणून मी नातेवाइकांना म्हणते, बोलत राहा, आणि उशाशी खर्चाचा हिशोब करू नका. तर ‘ऊब वाटेल’ हे शास्त्राला धरून नाही. पण ऑटवेच्या जागी मी असते तर तिथे मीही शास्त्र शिकवत बसले नसते. मुख्य गोष्टीत खरं बोललेल्या माणसाला एवढी सवलत मी देते.

आपल्याकडे नेमकं उलट चालतं. मुख्य गोष्टीत खोटं, आणि मग बारीकसारीक सगळं खरं: शुगर किती, सलाईन किती, ताप किती. ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका हं’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. खोलीच्या बाहेर, दाराच्या फटीवर नजर ठेवून म्हटलेलं. एक आजोबा होते, आयुष्यभर एसटी चालवलेले. मुलगा, सून, पत्नी, तिघांनी मला वेगवेगळं गाठून हेच सांगितलं. मग एकदा खोलीत आम्ही दोघंच असताना आजोबा म्हणाले, “बाई, मला कळलंय. घाट उतरताना ब्रेक लागत नाही तेव्हा ड्रायव्हरला सगळ्यात आधी कळतं. फक्त हिला सांगू नका, ती घाबरेल.” म्हणजे चार माणसं एकाच खोलीत, चौघांनाही ठाऊक, आणि चौघंही एकमेकांशी हवापाण्यावर बोलत होती. त्या दुपारी मी आजींना आत बोलावलं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. काही समजावावं लागलं नाही. आजींनी एवढंच विचारलं, “कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?”

‘द ग्रे’मध्ये हे दडवणं एका फटक्यात संपतं. लेवेंडन गेल्यावर सात जण उरतात आणि त्यानंतर कुणीही कुणाला ‘काही होत नाही रे’ म्हणत नाही. डियाझ बराच वेळ तोऱ्यात असतो, आपण घाबरत नाही म्हणतो. ऑटवे सरळ म्हणतो की मी तर घाबरलोय. वॉर्डातही हे बघते. सगळ्यात मोठ्यानं बोलणारा पेशंट बहुतेक वेळा रात्री झोपलेला नसतो.

सिनेमातले बाकीचे मृत्यू मला सारख्या वजनाचे वाटले नाहीत. हर्नांडेझ पहाऱ्यावर असताना जातो, फ्लॅनरी बर्फातून चालताना मागे पडतो आणि जातो. हे नेहमीच्या थरारपटातलेच आहेत. बर्क मात्र वेगळा. मोठा, शांत माणूस. विरळ हवेनं आणि थंडीनं आधीच खचलेला. रात्री वादळ होतं, सकाळी बघतात तर तो गेलेला. झटापट नाही, शेवटचं वाक्य नाही, लांडगासुद्धा नाही. थरारपटात हा मृत्यू वाया गेल्यासारखा वाटतो, पण मी पाहिलेले सर्वांत जास्त मृत्यू बर्कसारखेच आहेत. पहाटे, बाकीच्यांचा डोळा लागलेला असताना. ‘रात्रभर जागी होते हो डॉक्टर, फक्त चहा टाकायला उठले’ हे सांगणाऱ्या मुलींना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलेय: कित्येक माणसं कुणी नसतानाच जातात, तुम्ही चुकला नाहीत. बर्कभोवती चार माणसं होती. त्यांतल्या एकालाही कळलं नाही.

टॅल्गेटला उंच दरीवरून दोर धरून जायचं असतं आणि उंचीची त्याला भीती असते. तो पडतो, आणि शेवटच्या क्षणी त्याला त्याची लहान मुलगी दिसते, तिचे केस त्याच्या चेहऱ्यावर. दिग्दर्शकानं गोड केलंय असं वाटेल. पण अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमध्ये ५९ रुग्णांना रोज विचारून केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ८८ टक्के रुग्णांनी निदान एक तरी असं स्वप्न किंवा भास सांगितला, आणि त्यांत आधीच वारलेली माणसं दिसली तेव्हा मनाला सर्वांत जास्त दिलासा मिळाला. आपल्याकडच्या बायका हे अभ्यासाविनाच सांगतात: ‘काल आई येऊन बसली होती पायाशी.’ नवीन नर्स घाबरून झोपेचं इंजेक्शन विचारायला येते. मी आधी पेशंटला विचारते, भीती वाटली का? बहुतेक म्हणतात, नाही, बरं वाटलं. मग इंजेक्शन राहतं.

आणि डियाझ. या सिनेमावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दल. गुडघा निकामी, पाच जण जाताना बघितलेले. नदीकाठी तो एका ओंडक्याला टेकून बसतो आणि म्हणतो, मी आता नाही येत. समोर डोंगर आणि वाहती नदी. परत गेलो तर काय, दिवसभर तेलाच्या विहिरीवर राबणं आणि रात्रभर दारू. याहून चांगलं काही मला पुन्हा दिसणार नाही. ऑटवे आणि हेंड्रिक थोडं समजावतात, मग थांबतात. तिघं एकमेकांना पहिलं नाव सांगतात. इतके दिवस एकत्र मरत-जगत होते आणि नुसत्या आडनावांवर चाललं होतं! मग हस्तांदोलन, आणि ते दोघं निघतात. डियाझचं मरण दाखवलेलं नाही. फक्त मागून जवळ येणारा आवाज.

भाचा म्हणाला, “म्हणजे त्यानं हार मानली.” घरीही लोक हेच म्हणतात: ‘केमो नको म्हणाले, हिंमत हरले.’ मला हा शब्दप्रयोग सहन होत नाही. जिंकण्याची शक्यताच नसलेल्या लढाईतून बाजूला होणाऱ्याला हरलेला म्हणायचं कशाला? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि कृत्रिम उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत थोडी सोपी केली. कायदा पोचला, बैठकीच्या खोलीत अजून पोचायचाय.

तरीही डॉक्टर म्हणून माझ्या मनात एक काटा आहेच. डियाझ उपाशी आहे, गारठलेला आहे, पाच मृत्यूंच्या धक्क्यात आहे. माझ्या वॉर्डात अशा माणसानं ‘पुरे’ म्हटलं तर मी आधी त्याला गरम करीन, दुखणं कमी करीन, खाऊ घालीन आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारीन. दुखणं आवरलं की ‘पुरे’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी पडल्याची तक्रार करतात. काही मात्र तेच उत्तर देतात, शांतपणे. त्यांचं ऐकायचं. डियाझला दुसरा दिवस मिळणार नव्हता, म्हणून ऑटवेनं त्याचं पहिलंच उत्तर मान्य केलं. आणि ते मान्य करणारा तोच माणूस आहे ज्यानं सुरुवातीला तोंडात बंदूक धरली होती. त्या दोन प्रसंगांत सिनेमा गल्लत करत नाही हे मला फार मोलाचं वाटतं. तोंडात बंदूक धरलेला ऑटवे आजारी होता, त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं. थांबवलं कुणी, तर लांबून आलेल्या एका लांडग्याच्या ओरडण्यानं.

तो आजारी का होता हे सिनेमा लपवून ठेवतो. पांढऱ्या चादरीवर पडलेली बायको त्याला सारखी दिसते, घाबरू नकोस म्हणते. तो तिला पत्र लिहितो, ती परत मिळणार नाही म्हणतो. प्रेक्षक समजतो की ती त्याला सोडून गेली. अगदी शेवटी कॅमेरा जरा सरकतो आणि तिच्या बाजूला सलाईनची नळी दिसते. मराठीत ‘ती गेली’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात. पटकथेनं आपल्याला दोन तास त्या एका क्रियापदावर टांगून ठेवलंय. आणि मग लेवेंडनच्या प्रसंगाचा उलगडा होतो. मरणाऱ्याजवळ कसं बसायचं हे या नेमबाजाला कुठून आलं? तो आधी एकदा बसलेला होता. ‘घाबरू नकोस’ हे तिनं त्याला शिकवलं होतं, त्यानं तिला नव्हे. नीसनची पत्नी, अभिनेत्री नताशा रिचर्डसन, मार्च २००९ मध्ये क्वेबेकला स्कीइंग करताना पडून डोक्याला मार लागून गेली होती. सिनेमा त्यानंतर दोनेक वर्षांनी चित्रित झाला. हे माहीत असलं की ते फ्लॅशबॅक बघणं अवघड जातं.

मरणाला सामोरं जाणाऱ्या माणसाच्या, मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी सांगितलेल्या पाच अवस्था (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) या सिनेमाला चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. नका चिकटवू. त्या १९६९ च्या आहेत, आणि माणसं त्या क्रमानं पायऱ्या उतरत नाहीत. सकाळी स्वीकार, दुपारी राग, संध्याकाळी पुढच्या दिवाळीचे बेत, हे एकाच माणसाचं एकाच दिवशीचं असतं.

हेंड्रिक नदीत ओढला जातो, खडकात पाय अडकतो, तोंड पाण्याच्या अगदी थोडंसं खाली. ऑटवे स्वतःचा श्वास त्याच्या तोंडात सोडत राहतो, आणि तो डोळ्यांदेखत बुडतो. पाण्याची ती अर्धी वीत! ज्यांनी कुणाला ‘थोडक्यात’ गमावलंय त्यांना हा प्रसंग झेपणार नाही. त्यानंतर ऑटवे आकाशाकडे बघून देवाला शिव्या घालतो, काहीतरी दाखव म्हणतो. वर ढगच. परदेशी प्रेक्षकांना हा नास्तिकपणा वाटला. विठोबाला ‘विठ्या’ म्हणून झापणाऱ्या जनाबाईच्या मुलखात वाढल्यामुळे मला ते भांडण वाटलं, आणि भांडण आपण ज्याला मानतो त्याच्याशीच होतं.

चुका पुष्कळ आहेत, त्या भरभर सांगते. लांडगे असे वागत नाहीत. उत्तर अमेरिकेत रानलांडग्यांनी माणूस मारल्याच्या घटना बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. २०१० मध्ये अलास्कात चिग्निक लेकजवळ धावायला गेलेल्या एका शिक्षिकेचा मृत्यू ही त्यांतली एक. आपल्या सोलापूरकडच्या माळावर याच जातीचा लांडगा शेळी उचलतो आणि माणूस दिसला की सटकतो. विमानाचा सांगाडा सोडून निघणं हेही सहसा चूक, कारण शोधणाऱ्यांना तोच आधी दिसतो. सहसा म्हटलं, कारण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात १९७२ मध्ये झालेल्या विमान अपघातात ४५ पैकी १६ जण ७२ दिवसांनी वाचले ते दोघं जण चालत निघाले म्हणून; पांढरा सांगाडा बर्फात कुणाला दिसलाच नव्हता. त्या दोघांतला रॉबेर्तो कानेसा वैद्यकीचा विद्यार्थी होता, पुढे मुलांचा हृदयरोगतज्ज्ञ झाला. आणि गारठ्याचं गणित: कॅनडाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त सांगतात की बर्फाळ पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात दहा मिनिटं, शुद्ध जायला साधारण एक तास. नदीतून ओलाचिंब निघालेला ऑटवे पुढे जे बारीक हातकाम करतो ते त्या बोटांनी होणार नाही. आणखी एक तक्रार: इथली सगळी मरणं स्वच्छ आहेत. घाण नाही, वास नाही, लघवीची पिशवी नाही. बायका जवळजवळ फक्त आठवणीत येतात. आणि ऑटवेला सारखी आठवणारी त्याच्या वडिलांची ती चार ओळींची कविता एकदा कमी ऐकवली असती तरी चाललं असतं.

पण पाकिटं! मेलेल्यांची पाकिटं ऑटवे गोळा करत जातो, घरच्यांना द्यायची म्हणून. शेवटी एकटा उरल्यावर बर्फावर गुडघे टेकून तो ती उघडतो, आतले फोटो बघतो आणि नीट रचून ठेवतो. आमच्याकडे मृत्यूनंतर नातेवाइकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली जाते. चष्मा, कवळी, घड्याळ, औषधांची अर्धी स्ट्रिप, कधी कधी अजून वाजणारा मोबाइल. देह बघून न रडलेली माणसं ती पिशवी बघून कोसळतात. म्हणून ती मी वॉर्डबॉयच्या हाती पाठवत नाही, स्वतः नेऊन देते. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही.

शेवट अर्धवट का? ऑटवे मान वर करतो तर तो कळपाच्या गुहेतच येऊन पोचलेला असतो. मुठीला सुरा आणि फुटक्या बाटल्या चिकटपट्टीनं बांधतो, म्होरक्या लांडगा समोर येतो, आणि पडदा काळा होतो. लोक चिडतात की झुंज दाखवली नाही. दाखवली असती तर हा सिनेमा कोण जिंकलं याचा झाला असता. तो कसा उभा राहिला एवढंच दिग्दर्शकाला सांगायचं होतं, ते सांगून झालं होतं.

तुम्ही बहुधा श्रेयनामावली सुरू झाल्यावर उठलात. ती संपल्यावर आणखी एक दृश्य आहे, काही सेकंदांचं. आडवा पडलेला लांडगा, त्याच्या कुशीवर टेकलेलं ऑटवेचं डोकं, पाठमोरं. लांडग्याची कूस जड-जड वरखाली होते. ऑटवेचं कळत नाही. भाच्यानं तोवर दिवा लावला होता आणि तो जेवणाचं विचारत होता. मी मात्र सवयीनं घड्याळाकडे बघून दोन श्वासांमधलं अंतर मोजायला लागले होते.